हॅन्डलला मुंग्या, गॅरेजवाला म्हणे कोन सेट

हॅन्डल थरथरतंय म्हटल्यावर गाडीला हात लावायच्या आधीच कोणी "कोन सेट गेलाय दादा" (म्हणजे हॅन्डल ज्यांच्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या वाट्या-गोळ्या) म्हणालं तर तिथून सरळ निघा. माझे बावीसशे असेच गेले आणि वर नऊ हजारांचा चुना लागायचा राहिला. गॅरेजचं नाव लिहीत नाही, असली गॅरेजं प्रत्येक पेठेत सापडतील.

गाडी १५० सीसी सिंगल सिलिंडर, रोज कोथरूड ते चाकण. नाशिक फाट्यापर्यंत ट्रॅफिकमधे काही जाणवायचं नाही, पण मोशी ओलांडून ६०-६५ ला गेलो की हॅन्डलमधे बारीक झिणझिण सुरू, चाकण येईपर्यंत करंगळी बधिर. आरशात मागे काहीतरी मोठं येतंय एवढं दिसायचं, ट्रक का टेम्पो ते कळायचं नाही.

गॅरेजवाल्याने गाडी स्टँडवर असतानाच हॅन्डल दोनदा डावीउजवीकडे फिरवलं आणि निकाल लावला. कोन सेट ६५०, शॉकअपचं ऑइल ४५०, लेबर ७००. संध्याकाळी एका कॅरीबॅगेत काळ्या पडलेल्या वाट्या आणि गोळ्या दाखवल्या, "बघा काय हालत झालती". गाडी घेऊन निघालो तर झिणझिण जशीच्या तशी. परत गेलो तर म्हणे रिम आउट आहे, म्हणजे वाकडी, त्याचे ४०० घेतले. त्यानेही फरक नाही म्हटल्यावर गडी एकदम गंभीर, "साहेब क्रँकचं बेअरिंग वाजतंय, इंजिन उतरवावं लागणार, नऊ हजार धरून चला, पाच अ‍ॅडव्हान्स द्या म्हणजे पार्ट मागवतो."

पाच हजार द्यायच्या आधी दापोडीला मामांकडे गेलो, ते एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांनी पाना बिना काही काढलाच नाही, आधी विचारलं, "अरे थरथर स्पीडवर येते का आरपीएमवर?" म्हणजे गाडीच्या वेगावर का इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांवर. मला काय माहीत. मग मोकळ्या रस्त्यावर नेऊन ६५ ला क्लच दाबून रेस सोडायला लावली. थरथर गायब, गाडी मात्र त्याच स्पीडने चाललीय. मग उभ्या गाडीवर न्यूट्रलमधे रेस देऊन तेवढेच आरपीएम धरायला लावले, तर झिणझिण पुन्हा हजर. "चाक उभंच आहे ना तुझं? मग टायर, रिम, कोन सेट यात आले कुठून?"

हिशोब सोपा आहे. ६० च्या स्पीडला १७ इंची चाक मिनिटाला पाचशे-साडेपाचशे वेळा फिरतं, आणि इंजिन त्याच वेळी पाच-साडेपाच हजारांवर असतं. म्हणून हळू फिरणाऱ्या चाकाचा, टायरचा दोष असेल तर हॅन्डल डुगडुगतं, धक्के बसतात, मुंग्या येत नाहीत. क्लच दाबूनही थरथर तशीच राहिली तर मग हवा, बॅलन्सिंग, रिम बघायची. आणि कोन सेट खरंच गेला असेल तर गाडी डबल स्टँडला लावून पुढचं चाक उचला, शॉकअप खालून धरून मागेपुढे हलवा, हाताला खट्ट लागतं, किंवा हॅन्डल फिरवताना मधोमध अडकतं. माझ्या गाडीला यातलं काहीच नव्हतं.

मग मामा खाली बसले आणि बॅटरी मारून इंजिनचा पुढचा माउंटिंग बोल्ट दाखवला, म्हणजे इंजिन फ्रेमला धरून ठेवणारा. क्रॅश गार्डची (गाडी पडली तर वाचवणाऱ्या लोखंडी नळीची) पट्टी त्याच बोल्टवर अडकवलेली. पट्टीची जाडी वाढली की बोल्ट लांब लागतो, पण बसवणाऱ्याने कंपनीचाच जुना बोल्ट घुसवलेला, त्यामुळे नट जेमतेम दोन-तीन आट्यांवर बसलेला, वॉशर गायब, आणि नट बोटांनी फिरत होता! इंजिन फ्रेमला नीट आवळलेलं नसेल तर त्याची थरथर हॅन्डलपर्यंत येणारच, त्यात सिंगल सिलिंडर. आणि हा क्रॅश गार्ड बसवला कोणी, तर याच गॅरेजवाल्याने, थरथर सुरू व्हायच्या थोडं आधी. म्हणजे रोग पण त्याचाच आणि औषध पण त्याचंच. नाना पेठेतून लांब हाय टेन्साइल (जास्त ताण झेलणारा) बोल्ट आणि नायलॉक (थरथरीने सैल न होणारा) नट आणला, शंभराच्या आत काम झालं. बाकीचे माउंटिंग बोल्ट पण आवळून घेतले, आता ७० ला आरशात मागच्या गाडीची नंबर प्लेट वाचता येते.

खरी मजा पुढेच. हॅन्डलच्या मधोमध वर जो मोठा बोल्ट असतो तो काढल्याशिवाय कोन सेटपर्यंत पोचताच येत नाही, आणि आमच्या गाडीवर त्या बोल्टवरून खालच्या प्लेटवर कंपनीने मारलेली पिवळ्या पेंटची रेघ अजून अखंड, कुठे तडासुद्धा नाही. म्हणजे तो बोल्ट फॅक्टरीतून निघाल्यापासून कोणी हलवलेलाच नाही. त्या कॅरीबॅगेतल्या गोळ्या कुठल्या गाडीच्या देव जाणे, मला तर वाटतं तीच पिशवी प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवत असणार. म्हणून गाडी टाकायच्या आधी त्या बोल्टचा जवळून फोटो काढून ठेवा, आणि जुना पार्ट आपल्यासमोरच काढायला सांगा.

रेघेचा फोटो घेऊन गेलो तर आधी "पोरानं केलं असेल, मी गावाला होतो", मग "पुढची सर्व्हिस फ्री देतो ना". बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यावर गाडीचा नंबर पण नाही, तरी त्याच्या अक्षरात "कोन सेट बदली" लिहिलेलं होतं तेच कामाला आलं. १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, तिथेच उभं राहून फोन लावतो म्हटल्यावर पंधराशे यूपीआयने आले. रिमचे चारशे अजून लटकलेत, आणि क्रॅश गार्ड बसवायचं लेबर परत मागितलं तर म्हणतो, "ते तर बसवलंय ना साहेब!"