व्हायरस काढायला आला तोच हेर निघाला

फसले ते माझे सासरे, नाना. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. "माझं नाव नको, बाकी सगळं लिही," असं त्यांनीच सांगितलं, म्हणून लिहितेय.

नेटवर काहीतरी शोधताना अख्खा स्क्रीन लाल झाला, भोंगा सुरू. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये स्पायवेअर आहे, बंद करू नका’ आणि खाली फोन नंबर. स्पायवेअर म्हणजे गुपचूप टेहळणी करणारा प्रोग्राम. ते निव्वळ ब्राउझरचं पान होतं, फुल स्क्रीन केलेलं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला की खेळ खलास. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतोच. पण कानाशी भोंगा वाजत असताना हे सुचणार कोणाला?

फोनवरचा मुलगा भलताच गोड. "बाबूजी, घबराइए मत." त्याने दुरून आपला कॉम्प्युटर चालवता येतो असं रिमोटचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं, इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवल्या आणि हे सगळे हॅकर म्हणून सांगितलं. धडधाकट कॉम्प्युटरवरसुद्धा तिथे अशा नोंदींचा ढीग असतो. नानांनी त्या वहीत उतरवूनही घेतल्या. जन्म हिशेबनीस म्हणून गेलाय! ‘सफाई’चे 5,999 रुपये यूपीआयने गेले.

मग संध्याकाळी पत्ते खेळताना बाण आपोआप सरकायला लागला. नानांना वाटलं माऊस बिघडला. जेल रोडवरून नवा आणला. तरी तेच. एके दिवशी न मागता बँकेचा ओटीपी आला, तेव्हा मला बोलावलं.

आधी नेटची वायर उपटली. इन्स्टॉल केलेले प्रोग्राम तारखेनुसार लावले, तर ‘सफाई’च्या दिवशीच दोन आलेले. एक ते रिमोटचं. असली सॉफ्टवेअर मुळात वाईट नसतात, पण त्यात कायमचा पासवर्ड घालून ठेवला होता, म्हणजे समोर कोणी ‘हो’ म्हणायची गरजच नाही. दुसरं सिस्टीमचं वाटावं अशा नावाचं, कीबोर्डवर दाबलेली बटणं आणि स्क्रीन टिपणारं. ते काढलं तर कॉम्प्युटर चालू करताच परत हजर! ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये त्याला पुन्हा बसवणारी नोंद होती. आणि विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर गप्प का, तर त्याच्या ‘एक्सक्लुजन’ यादीत तेच फोल्डर घातलेलं. चोराने राखणदारालाच सांगून ठेवलं होतं, इकडे बघू नकोस. यादी रिकामी केली, विंडोज सुरू होण्याआधीच तपासणारा डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवला, ब्राउझरमधलं अनोळखी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) आणि नोटिफिकेशनच्या परवानग्या काढल्या. तरी माझा भरवसा बसेना. फोटो आणि कागदपत्रं बाजूला काढून विंडोज नव्याने टाकलं. पासवर्ड मात्र फोनवरून बदलले. हेर बसलेल्या मशिनवर नवा पासवर्ड टाइप करणं म्हणजे तो त्याच्याच हातात देणं.

बँकेला कळवून नेट बँकिंग थांबवलं, सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हा फोन जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आणि हे ऐका. नंतर पुन्हा फोन आला: "कंपनी बंद होतेय, पैसे परत करायचेत, नेट बँकिंग उघडा." यात ते स्क्रीन काळा करतात, बँकेच्या पानावरचा आकडा तेवढ्यापुरता बदलून ‘चुकून जास्त गेले, उरलेले परत करा’ म्हणून रडतात. खात्यात आलेलं काहीच नसतं. नानांनी "थांबा हं, वही आणतो" म्हणून त्याला ताटकळत ठेवलं आणि नंबर तक्रारीत जोडायला मला दिला.