जुन्या एसयूव्हीने ट्रेलर ओढायचाय? पायलट, जीएक्स ४७० की सबर्बन

अमेरिकेत कॅम्पिंगचं खूळ डोक्यात शिरलं की माणूस तंबूवरून हळूहळू ट्रॅव्हल ट्रेलरवर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) येतोच, आणि मग घरात तोच वाद, नवा पिकअप घ्यायचा की जुन्या एसयूव्हीवर भागवायचं. वर्षातून एकदा भाड्याचा ट्रेलर ओढणाऱ्यांनी फार डोकं लावू नका, कुठलीही चालेल. मे ते ऑक्टोबर दर दुसऱ्या वीकेंडला निघणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण तिथेच गाड्यांमधला खरा फरक दिसतो.

आधी टोइंग रेटिंगचं, म्हणजे गाडी किती पौंड ओढू शकते त्या आकड्याचं. जाहिरातीतला आकडा बघून जुनी गाडी घेऊ नका. आता बहुतेक कंपन्या एसएई जे२८०७ नावाच्या एकाच टेस्टने मोजतात, त्यात अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ एसी फुल ठेवून चढावा लागतो. टोयोटाने ती २०११ च्या मॉडेलपासून सगळ्यात आधी लावली आणि लगेच त्यांच्याच टुंड्रा पिकअपचे आकडे खाली आले. त्याआधी ज्याची त्याची टेस्ट आणि ज्याचा त्याचा आकडा.

आणि रेटिंगच्या आधी पेलोड संपतो, हे कुणी सांगतच नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालेल त्याचा. या वयाच्या मिडसाइज गाड्यांत तो साधारण १,२०० ते १,४०० असतो. ४,५०० पौंडांचा ट्रेलर धरला तर त्यातले १० ते १५ टक्के हिचवर (गाडीला ट्रेलर जोडायचा मागचा जोड) येतात, म्हणजे समजा ५४०. दोन मोठे, दोन मुलं ५००. वजन पुढच्या चाकांवरही वाटणाऱ्या वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे ८०-१००. झाले की अकराशेच्या वर, अजून कूलर, सायकली, कुकर, तांदूळ काहीच भरलं नाही. त्यात उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आलेत आणि त्यांना यलोस्टोन दाखवायचंय, मग तिसरी रो उघडली की हिशोबच खल्लास. सात सीट आहेत म्हणजे सात माणसं बसवून ट्रेलरही ओढेल असं नसतं हो.

होंडा पायलट. आपल्या लोकांकडे ही नाहीतर टोयोटा हायलँडर असतेच, त्यामुळे "आहे तीच वापरू" हा मोह साहजिक आहे. २००९ ते २०१५ ची ऑल व्हील ड्राइव्ह ४,५०० पौंडांची, पण ट्रान्समिशनचा वेगळा कूलर आहे ना, ते आधी बघा. त्याआधीच्या पायलटला होंडानेच बोटीसाठी ४,५०० आणि बाकी ट्रेलरसाठी ३,५०० असे दोन आकडे दिले होते, कारण बोट वारा कापते आणि चौकोनी ट्रेलर वाऱ्यात भिंतीसारखा उभा राहतो. यावरून समजून घ्या. पॉपअप (घडीचा) किंवा टियरड्रॉप (थेंबाच्या आकाराचा छोटा) ट्रेलर, भरून २,५०० पौंडांपर्यंत, तर पायलट मस्त, पेट्रोलही कमी खाते. त्यावर गेलात तर मागचं सस्पेन्शन बसतं आणि पाच गिअरचा ऑटोमॅटिक चढावर सारखा शिकार केल्यासारखा गिअर शोधत राहतो.

लेक्सस जीएक्स ४७०, २००३ ते २००९. बॉडी ऑन फ्रेम (ट्रकसारखी वेगळ्या सांगाड्यावर बांधलेली), ४.७ लिटर व्ही८, रेटिंग ६,५०० पर्यंत (मी ४,५०० च्या वर जाणार नाही, वरचा पेलोडचा हिशोब बघा). इंजिन दणकट आहे, पण टायमिंग बेल्ट ९०,००० मैलांवर बदलावाच लागतो, पावती नसेल तर बदललेला नाहीच असं धरा. मिशिगन-ओहायोकडची, हिवाळ्यात मिठाच्या रस्त्यांवर फिरलेली गाडी असेल तर खाली झोपून फ्रेमचा गंज बघा. मागचे एअर स्प्रिंग गळतात, बरेच जण साध्या कॉइल टाकतात. आणि रेडिएटर. जुन्या रेडिएटरमध्ये ट्रान्समिशनचा कूलर आतच असतो, तो फुटला की कूलंट आणि ट्रान्समिशन ऑइल एकत्र होऊन गुलाबी मिल्कशेक होतो आणि ट्रान्समिशन गेलं समजा. २००५ ते २०१० च्या निसान पाथफाइंडर-एक्सटेराचं तर हे कुप्रसिद्ध दुखणं. टोइंग करणार असाल तर रेडिएटर आधीच बदला, ट्रान्समिशनपुढे तो खर्च काहीच नाही.

शेव्हरोले सबर्बन, २००७ ते २०१४. पार्किंगला वैताग, बायको नाव ठेवणार, पण व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) १३० इंच आणि जीएक्सचा जेमतेम ११०. हायवेवर बाजूने ट्रक गेला की ट्रेलर गाडीला हलवतो तेव्हा हे वीस इंच कळतात. ५.३ लिटर इंजिनवाली घ्यायची तर २००९ च्या पुढची, त्यात सहा गिअर आहेत, आणि लिफ्टरची (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) टकटक ऐकून घ्या, चार सिलिंडर बंद करणाऱ्या सिस्टिममुळे ते जातात. खरी चीज म्हणजे ६.० लिटर इंजिनची '२५००' नावाची हेवी-ड्युटी सबर्बन, २०१३ पर्यंत यायची, त्यात ती सिस्टिमच नाही. पेट्रोल पिते, रिकामी चालवली तरी.

तुम्ही कुठे राहता यानेही गणित बदलतं. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना अंदाजे ३ टक्के ताकद गमावतं. डेन्व्हरहून आय-७० ने आयझेनहॉवर टनेलला जाता तेव्हा ११,१५८ फुटांवर एक तृतीयांश गेलेली असते, २००५ च्या जीएक्सचे २७० हॉर्सपॉवर १८० वर. टेक्सास-फ्लोरिडात हा प्रश्नच नाही. उतारावर ब्रेक दाबून बसू नका, खालचा गिअर टाका, ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर ते गाडीतून लावणारा कंट्रोलर पायलट आणि जीएक्समध्ये वेगळा घ्यावा लागेल, सबर्बनमध्ये आहे का ते बघा. कॅलिफोर्नियात ट्रेलर लावला की स्पीड लिमिट ५५ मैल, म्हणजे तिथे पायलटवाल्यालाही घाई नाही.

माझं मत विचाराल तर २,५०० पौंडांपर्यंत पायलट, चौघांचं घर आणि ४,००० च्या आसपासचा ट्रेलर असेल तर जीएक्स, फक्त ऑफरोडवाल्यांनी तिचे भाव चढवून ठेवलेत. आई-बाबा, तिसरी रो आणि ५,००० चा ट्रेलर हे सगळं एकत्र हवं असेल तर '२५००' सबर्बन शोधा, दोन महिने लागले तरी. आणि ट्रेलर आधीच घेतला असेल तर ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (वजनकाट्यावर) भरलेला वजन करून घ्या, ब्रोशरमधलं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं, पाणी, बॅटरी, गॅस सिलिंडर धरून ते बरंच वर निघतं.