ऑर्व्हिएतो क्लासिको : चौदा महिन्यांचा अनुभव आणि ३३ युरोंची तक्रार

रोममधल्या आमच्या घरी गेल्या वर्षीच्या मार्चपासून ऑर्व्हिएतो क्लासिको ही पांढरी वाइन नेमाने येते आहे. आठवड्याला एक बाटली, किंमत साडेसहा युरोंच्या आसपास, असेच चालू राहिले असते तर हे लिहिण्याचे काही कारण नव्हते. दिवाळीच्या फराळाला पंधरा माणसे येणार होती, म्हणून मी सहा बाटल्यांचे खोके सवलतीत ३३ युरोंना घेतले आणि सहा युरो वाचवल्याच्या आनंदात घरी आले. पाहुण्यांसमोर पहिलीच बाटली उघडली, तर ती गोडसर निघाली. बुचाला वास नव्हता, वाइन आंबलेली नव्हती, रंगही नेहमीचाच फिकट पिवळा होता. ती फक्त गोडसर होती.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या पाच बंद बाटल्या घेऊन मी दुकानात गेले. दुकानदाराने शांतपणे चष्मा लावला, बाटली हातात फिरवली आणि लेबलाच्या तळाशी, मद्यार्काची टक्केवारी आणि मिलिलिटर यांच्या मधोमध, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेल्या ‘अब्बोक्कातो’, म्हणजे गोडसर, या शब्दावर बोट ठेवले. सवलतीचा माल परत घेतला जाणार नाही अशी पाटी त्याच्या पाठीमागे होती, आणि तिची अक्षरे मात्र वीतभर उंच होती. आमची थोडी बोलाचाली झाली, ती मी जिंकले नाही.

माझी चूक कुठे झाली ते आधी सांगते, कारण ती अनेकांची होत असावी. ‘क्लासिको’ म्हणजे ठरलेली, नेहमीची चव, असे मी इतके महिने धरून चालले होते. प्रत्यक्षात त्या शब्दाचा चवीशी काहीही संबंध नाही. ऑर्व्हिएतोला १९७१ मध्ये डीओसी हा संरक्षित दर्जा मिळाला आणि त्याचे क्षेत्र उंब्रियातल्या तेर्नी जिल्ह्यापासून लात्सिओतल्या वितेर्बो जिल्ह्यापर्यंत पसरलेले आहे. त्यातला ऑर्व्हिएतो शहराभोवतीचा जुना, मूळ पट्टा तेवढा क्लासिको. ‘सुपेरियोरे’ हा दुसरा भारदस्त शब्द हेक्टरी कमी उत्पादन आणि किमान १२ टक्के मद्यार्क एवढेच सांगतो. वाइन कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, आहे की गोड, हे सांगणारे शब्द वेगळेच आहेत: लिटरमागे साधारण ४ ग्रॅमपर्यंत साखर असेल तर सेक्को (कोरडी), १२ पर्यंत अब्बोक्कातो, ४५ पर्यंत आमाबिले आणि त्यापुढे दोल्चे. आम्लता जास्त असेल तर पहिल्या दोन मर्यादा थोड्या सैल होतात. नाशिक व्हॅली वाइन या नावालाही भौगोलिक मानांकन आहे आणि तेही जागाच सांगते, चव नव्हे. माहेर नाशिककडचे असूनही हे माझ्या लक्षात येऊ नये, याची थोडी लाज वाटली.

आता सेक्कोविषयी, कारण चौदापैकी पहिले आठ महिने घरात तीच होती. त्रेब्बियानो तोस्कानो आणि ग्रेकेत्तो ही दोन द्राक्षे मिळून किमान ६० टक्के असावी लागतात आणि उरलेला भाग परवानगी असलेल्या इतर पांढऱ्या जातींचा असतो. त्रेब्बियानोला तिथे प्रोकानिको म्हणतात. तो भरपूर पिकतो, आम्लता देतो आणि स्वतःची अशी फारशी चव देत नाही. भरीवपणा आणि चव येते ती ग्रेकेत्तोमुळे. हे प्रमाण उत्पादकागणिक बदलते आणि स्वस्त बाटलीत ते लगेच जिभेला कळते: चार युरोंच्या बाटलीत मला लिंबू पिळलेल्या पाण्यापलीकडे काही सापडले नाही, तर साडेसहाच्या बाटलीत हिरवे सफरचंद, नाशपाती आणि शेवटी बदामाच्या सालीसारखा हलका कडवटपणा मिळाला. नऊ युरोंची सुपेरियोरे दोनदा घेतली. ती चांगली होती, पण अडीच युरोंनी जास्त चांगली नव्हती. ही वाइन साठवण्यासाठी नाही. कपाटात विसरलेली एक तीन वर्षांची बाटली उघडली, तेव्हा तिच्यात ताजेपणा राहिलेला नव्हता.

अब्बोक्कातोविषयीचे माझे मत मात्र जानेवारीत बदलले. रोमहून आगगाडीने साधारण सव्वा तासात ऑर्व्हिएतो येते आणि स्थानकासमोरून केबलच्या गाडीने वर गावात जाता येते. गाव ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या तुफा दगडाच्या कड्यावर वसले आहे आणि त्या मऊ दगडात रोमनांच्या आधीच्या एत्रुस्कन लोकांच्या काळापासून खोदलेल्या गुहांचे जाळे आहे. जुन्या काळी द्राक्षरस याच थंड गुहांमध्ये आंबत असे. गारव्यामुळे किण्वन मंदावून साखर संपण्याआधीच थांबत असे आणि वाइन आपोआप गोडसर राहत असे. ज्या वाइनसाठी ऑर्व्हिएतो शतकानुशतके प्रसिद्ध होती ती हीच. चित्रकार लुका सिन्योरेल्ली १४९९ मध्ये तिथल्या कॅथेड्रलमधली भित्तिचित्रे काढू लागला, तेव्हा त्याच्या मोबदल्यात पैशांबरोबर वाइनचाही समावेश होता. त्याला मिळालेली वाइन माझ्या ‘सदोष’ खोक्याच्या जवळची असावी आणि त्याने ती परत करायला नेली नसावी. सेक्कोचा बोलबाला दुसऱ्या महायुद्धानंतर झाला, म्हणजे मी जिला अस्सल समजत होते तीच खरी नवखी होती.

याच भागात तिबर नदीवर १९६० च्या दशकात बांधलेल्या धरणामुळे कोर्बारा तलाव तयार झाला. शरद ऋतूतल्या सकाळच्या धुक्यात तिथल्या द्राक्षांवर बुरशी धरते, द्राक्षे आक्रसतात आणि त्यांपासून ‘मुफ्फा नोबिले’ नावाची दाट गोड वाइन करतात. आमच्याकडचा बागायतदार बुरशी दिसली की फवारणीचा पंप पाठीला लावतो; इथे तिची वाट पाहतात आणि छोट्या बाटलीचे जास्त पैसे घेतात. मी ती एकदा पेलाभर प्यायले. उत्तम आहे, पण आमच्या महिन्याच्या खर्चात बसत नाही.

उरलेल्या पाच बाटल्या फेकवत नव्हत्या, म्हणून एकेक करून संपवायला घेतल्या आणि इथे मला अनपेक्षित लाभ झाला. सेक्को मराठी जेवणाबरोबर कधीच नीट जमली नव्हती. तिखटापुढे तिची आम्लता आणि तो शेवटचा कडवटपणा दोन्ही बोचतात. अब्बोक्कातो चांगली गार करून थालीपीठ आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर घेतली, तेव्हा तेवढ्याशा गोडीने तिखट सावरले आणि वाइनही गोड लागली नाही. मसालेभाताबरोबर ती याहून चांगली लागली. पुरणपोळीबरोबर मात्र घेऊ नये, पाण्यासारखी लागते. उलट साध्या तळलेल्या मासळीला आणि पास्त्याला अजूनही सेक्कोच हवी.

त्यामुळे वाइनविषयीची तक्रार मी मागे घेते. अक्षरांविषयीची घेत नाही. गावाचे नाव, कड्यावरच्या कॅथेड्रलचे चित्र, ‘क्लासिको’, उत्पादकाच्या पूर्वजांचे सोनेरी चिन्ह, या सगळ्यांना लेबलावर जागा आहे आणि पिणाऱ्याला ज्या एका शब्दाची गरज आहे त्याला नाही. साडेसहा युरो देणाऱ्याला भिंग घेऊन दुकानात जावे लागू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. सध्या आमच्याकडे दोन सेक्कोमागे एक अब्बोक्कातो असे प्रमाण ठरले आहे आणि फ्रिजमध्ये ठेवण्यापूर्वी मी प्रत्येक बाटलीच्या मानेवर जाड मार्करने ‘को’ किंवा ‘गो’ लिहून ठेवते. गेल्या शनिवारी आणलेल्या बाटलीवर तो शब्द मागच्या लेबलावर, बारकोडच्या खाली गेलेला आढळला.