पाचट कुट्टी मशीन भाड्यानं बोलावलं, पाचपैकी साडेतीन गुण
आमचा दीड एकर उसाचा निडवा, म्हणजे तोडलेल्या खुंटांतून दुसऱ्यांदा फुटलेलं पीक, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तुटला. यंदा नांगर घालायचाच नाही, जुन्या सरीतच सुरू उसाची (जानेवारी-फेब्रुवारीत लावतात तो) रोपं लावायची असं ठरवलेलं, मग पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याचं, करायचं काय? एकरी तीन-चार टन पडतं राव, त्यात पहार मारली तर भुईला टेकत पण नाही. भावकी म्हणत होती काडी लाव आणि मोकळा हो, ते करायचं नव्हतं म्हणून शेजारच्या गावातला एक कुट्टीवाला बोलावला.

पठ्ठ्या सकाळी आठलाच हजर. पाचट दवानं ओलं, रोटरला दोरखंडासारखं गुंडाळायचं, दर दहा मिनिटांनी हा खाली उतरून कोयत्यानं सोडवत बसायचा आणि मीटर आपला तासावर चालू. शेवटी मीच म्हटलं, दादा जेवून अकरानंतर या. दुपारी कडकडीत वाळल्यावर तेच मशीन असं चाललं की पाचटाचा नुसता भुगा, बघत राहावं.

पण एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. मशीन वरंब्यावरनं चालतं, बुडखे, म्हणजे उसाचे राहिलेले खुंट, फोडतं, सरीतलं पाचट मात्र चाकाखाली दबून लांबच्या लांब तसंच राहतं. आम्ही दोन गडी लावून दाताळ्यानं ते वरंब्यावर ओढलं आणि परत फेरी मारायला लावली, तिचे पैसे वेगळे घेतले, तेही काम झाल्यावर सांगून. म्हणून तासावर नको, एकरावर ठरवा, दोन फेऱ्या धरून. आणि पाती वाकून बघा, बोथट असली की कापत नाही, नुसतं फाडतं. ठिबकच्या नळ्या गोळा केल्या होत्या तरी एक पाचटाखाली राहिली, तिचे तुकडे अजून सापडतायत. ही चूक माझीच.

कुट्टीवर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट आणि 4 किलो कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी दिलं. युरियाला कंजूषी करू नका, पाचट कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात. एका कोपऱ्यात युरिया कमी पडला, तिथली रोपं पुढं पिवळी पडली. बुडखे मशीननं मरत नाहीत हे पण लक्षात ठेवा, तीन आठवड्यांत फुटवे आले, तणनाशक मारावं लागलं, मग फेब्रुवारीच्या मध्याला पहारीनं भोकं पाडून लागण केली.

खोडवा, म्हणजे बुडख्यांतून परत फुटणारा ऊस, ठेवायचा असेल तर मात्र मशीनच्या भरवशावर राहू नका, ते बुडखे चिंध्या करतं. कोयत्यानंच जमिनीलगत छाटून घ्या.