सेल्फ कधी घेतो, कधी नुसता 'टक्' करतो? उद्यमनगरातल्या मामांना दाखवा

सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून गाडी चालू करणारी मोटर, एकदाचा पूर्ण बंद पडला तर परवडतो, काय करायचं ते कळतं तरी. कधी एका किल्लीत गाडी चालू आणि कधी नुसता 'टक्' आवाज, यात माणूस बेजार होतो. माझी शिरोळ तालुक्यात उसाच्या रोपांची नर्सरी आहे. पिकअप मीच चालवते. बांधावर गाडी लावायची, ट्रे उतरवायचे, पुढचं रान गाठायचं, म्हणजे दिवसभर सेल्फला उसंत नाही. गाडी तापली की हमखास हे दुखणं सुरू व्हायचं. काळ्या रानात भरली गाडी धक्क्याला हलत नाही आणि उन्हात कोवळी रोपं माना टाकतात.

आधी एका दुकानात बॅटरी बदलून झाली, फरक शून्य. दुसऱ्या ठिकाणी बॉनेट उघडायच्या आधीच 'नवा सेल्फ टाका, आठ हजार' असं सांगितलं. मग एका ट्रॅक्टरवाल्या दादांनी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातले सेल्फ दुरुस्त करणारे हे मामा सुचवले. दुकानाला पाटी नाही. लेथवाल्यांच्या गल्लीत दारावर तारेत ओवलेली जुनी आर्मेचरं (मोटरच्या आत फिरणारे, तांब्याची तार गुंडाळलेले भाग) टांगलेली दिसली की तेच दुकान.

मामांनी पान्याला हात लावण्याआधी विचारपूस केली. सकाळी थंड गाडीला होतं का, तापल्यावर? आवाज एकच येतो का टकटकटक असा? मग मला हेडलाइट लावून किल्ली फिरवायला सांगितलं. तेव्हा गाडी शहाण्यासारखी चालू झाली. तिथे दुसऱ्या कुणीही 'सगळं ठीक आहे' म्हणून पाठवलं असतं. मामा म्हणाले, "ताई, एक चक्कर मारून गाडी तापवून आणा. बिघाड दिसल्याबिगर मी काय खोलणार न्हाई." माझ्या रिव्ह्यूचे सगळे स्टार या एका वाक्याला.

तापवून आणल्यावर तिसऱ्या-चौथ्या किल्लीला 'टक्' झालं. हेडलाइट जराही मंद झाली नाही. मामांनी तिथेच समजावलं: लाइट एकदम मंद झाली असती तर बॅटरी कमजोर, कनेक्शन खराब किंवा मोटर जाम. टकटकटक आवाज बहुतेक वेळा बॅटरी उतरल्याचा किंवा टर्मिनल ढिलं असल्याचा. इथे लाइट जशीच्या तशी, म्हणजे मोटर करंट ओढतच नाही.

मग मल्टीमीटर. सेल्फवर बसवलेला सोलेनॉइड म्हणजे किल्ली फिरवली की बॅटरीचा करंट मोटरला जोडणारा स्विच. त्यावर दोन जाड बोल्ट असतात, एकावर बॅटरीची केबल आणि दुसऱ्यावरून मोटरकडे जाणारी. शिवाय किल्लीकडून येणारी एक बारीक वायर. मी किल्ली धरून ठेवली. बॅटरीच्या बोल्टवर बारा व्होल्ट, बारीक वायरवरही करंट हजर, आणि मोटरच्या बोल्टवर शून्य. आतला प्लंजर (सरकणारा दांडा) ओढला जातोय, 'टक्' तोच करतोय, पण तांब्याचे संपर्क जुळत नाहीत. पुढच्या किल्लीला गाडी चालू झाली, तेव्हा त्यांनी एक प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा इंजिनच्या ब्लॉकला लावून पुन्हा सेल्फ मारायला लावला. मीटरवर ०.९ व्होल्ट. हा आकडा ०.२-०.३ च्या आत हवा, म्हणजे अर्थिंगही (इंजिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंतची जोडणी) खराब. इंजिनच्या अर्थिंगची पट्टी जिथे बोल्टने बसते तिथे गंजाचा थर होता. डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ शेकड्यांनी अँपिअर ओढतो, त्याला एवढासा गंजही जड जातो.

सेल्फ उतरवण्याआधी बॅटरीची मायनसची वायर काढली. घरी कुणी हात घालणार असेल तर हे आधी करा, कारण त्या जाड बोल्टवर किल्ली बंद असतानाही करंट असतो आणि पाना टेकला तर मोठी ठिणगी उडते.

सोलेनॉइडचं झाकण सोल्डरचा डाग सोडवून निघालं आणि मामांनी आतली तांब्याची चकती माझ्या हातावर ठेवली. एका बाजूला काळे खड्डे, बोट फिरवलं तर खरखरीत. दोन्ही बोल्टांची डोकी तशीच जळून एका कडेला झिजलेली. काही जण बोल्ट अर्धा फिरवून, चकती उलटी करून चालवतात. ते जमतंही, पण माझ्या गाडीला सेल्फ इतका मारावा लागतो म्हणून त्यांनी चकती आणि बोल्ट नवीनच घातले. फिरत्या आर्मेचरला करंट पोचवणारे कार्बन ब्रश निम्म्याहून जास्त शिल्लक होते, ते बदलले नाहीत. बदलले असते तरी मला काय कळणार होतं! आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो तो मागचा बुश मात्र सैल झाला होता, आर्मेचर बाजूला घासून चकाकत होतं. नवा बुश आधी वाटीभर तेलात बुडवून ठेवला, मग बसवला. आर्मेचर ग्राउलरवर (वाइंडिंगमधला शॉर्ट शोधायचं यंत्र) तपासलं, वाइंडिंग चांगलं निघालं. अर्थिंगच्या जागेचा गंज आणि रंग घासून धातू उघडा केला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. पुन्हा मीटर लावला तर ०.१५.

बिल १,४५० रुपये, जुने सुटे भाग पिशवीत घालून परत. त्यानंतर लागणीचा अख्खा हंगाम गेला, बांधावर गाडी बंद करताना आता धाकधूक होत नाही.

तक्रारीही सांगते. बसायला जागा नाही, गल्ली अरुंद, मोठी गाडी लावायची पंचाईत. छापील बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, गॅरंटी तोंडी. दुपारी जेवणाला शटर अर्धं ओढतात आणि मग फोनही उचलत नाहीत. काम घाईत करत नाहीत, त्यामुळे 'तासाभरात द्या' म्हणणाऱ्यांनी जाऊ नये.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, बॅटरी पूर्ण चार्ज करून न्या आणि सेल्फ नेमका कधी दगा देतो ते नीट आठवून जा. पहिला प्रश्न तोच येतो.