डेस्कटॉपच्या जागी सतरा इंची लॅपटॉप: एक उन्हाळा, एक सुगी काढल्यावर

मशीन १७.३ इंची, आय-७ १३७००एचएक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम. गाव लातूर, काम लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग. पहिलंच सांगतो: असला लॅपटॉप फिरायला घेऊ नका, लाइट जाते म्हणून घ्या. मशीन पावणेतीन किलो आणि अडॅप्टर जवळपास किलोभर. एसटीत मांडीवर घेऊन बसायची ही वस्तू नाही.

डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ. इथे ९० वॉट-तासांच्या बॅटरीवर कटिंगचं हलकं काम तीन-साडेतीन तास निघतं. रेंडर (तयार व्हिडिओची फाइल बनवणं) मात्र बॅटरीवर लावू नये. अडॅप्टरइतके वॉट बॅटरी देऊ शकत नाही, त्यामुळे ग्राफिक्सचा वेग आपोआप उतरतो आणि चार्ज तासाभरात संपतो. मशीन कायम प्लगवर असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावा. पूर्ण भरलेली बॅटरी सतत गरम राहिली की लवकर खराब होते, फुगतेसुद्धा.

खरी परीक्षा मे महिन्यात. खोली ३८-४० अंशांवर गेली की खोलीचं तापमान जितकं वाढलं, जवळपास तितकंच प्रोसेसरचंही वाढतं आणि १०० अंशांना तो स्वतःच वेग कमी करतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के केलं की टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव वेग) बंद होतो, तापमान चांगलंच खाली येतं. एक्स्पोर्टचं एन्कोडिंग ग्राफिक्स कार्डवर असेल तर वेळेत फार फरक पडत नाही. हा पर्याय दिसला नाही तर कंपनीच्या अ‍ॅपमधला सायलेंट मोड वापरा. मागची बाजू इंचभर उचलून ठेवा. कूलरचा झोत मात्र थेट मशीनवर नको: तुषारांबरोबर बोअरच्या पाण्यातला क्षार आत जातो.

सोयाबीनची मळणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत धूळ नि तंतू पंखा आणि जाळीच्या मध्ये नमद्यासारखे बसतात. बाहेरून ब्लोअर मारून ते निघत नाहीत. खालचं झाकण उघडा, आधी बॅटरीचं कनेक्टर काढा, पंख्याची पाती बोटाने धरा आणि मगच ब्रश व ब्लोअर चालवा. पाती मोकळी फिरू दिली तर बेअरिंग जातं. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, जागेनुसार मांडून ठेवा. दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा साफ केलं तर पुरतं.

अर्थिंगकडे लोक दुर्लक्ष करतात. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर अर्थ तुटलेली समजा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत राहा. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतो, त्यामुळे कमी दाबाला घाबरायचं कारण नाही. न्यूट्रल तुटून दाब चढला तर मात्र तो जळतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा.

ग्राफिक्स कार्डाच्या नावावर जाऊ नका. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ८ जीबी मेमरी आणि ४६०८ कोअर, तर डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये १२ जीबी आणि ५८८८. शिवाय कंपनी ग्राफिक्स चिपला किती वॉट देते त्यावर वेग ठरतो, तो आकडा विचारूनच पैसे द्या. रॅम आणि एसएसडी पुढे वाढवता येतात. ग्राफिक्स चिप बोर्डावर डाखलेली, ती गेली तर मदरबोर्डच बदलावा लागतो. म्हणून तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी घ्या, आणि ती तुमच्या तालुक्याच्या पिनकोडवर लागू आहे हे आधी लेखी घ्या.