सायकलवर हेल्मेट: आग्रह धरावा की ज्याचं त्याच्यावर सोडावं?

सायकल ग्रुपमध्ये नवीन माणूस आला की हा वाद निघतोच. एका गटाचं म्हणणं, ‘नो हेल्मेट, नो राइड’. दुसऱ्या गटाचं, आजोबांनी उभा जन्म गांधी टोपीवर सायकल हाणली, त्यांना काय झालं? ज्याला नुकतीच सायकल घ्यायची आहे, किंवा ज्याच्यावर सोसायटीच्या नाहीतर ऑफिसच्या ग्रुपचे नियम ठरवायची वेळ आली आहे, तो या दोघांच्या मध्ये अडकतो.

आधी एक गुंता सोडवू. पुण्यात ‘हेल्मेटसक्ती’ म्हटलं की अजूनही बाह्या सरसावल्या जातात, पण तो वाद स्कूटर-मोटारसायकलचा. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटारच्या दुचाकींना लागू आहे, पायडलच्या सायकलला नाही. पन्नास-साठच्या वेगाने पडणं आणि पंधराच्या वेगाने पडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिकडचे मुद्दे इकडे जसेच्या तसे आणले की दोन्हीकडे घोळ होतो. सायकलच्या बाबतीत कायद्याचा प्रश्न आपल्याकडे आज तरी नाही. प्रश्न सल्ल्याचा आहे: दिसेल त्या सायकलवाल्याला ‘हेल्मेट घाला’ म्हणून सांगत सुटावं का?

आग्रह धरणाऱ्यांची बाजू दवाखान्यातून सुरू होते. १९८९ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमधल्या संशोधकांनी अपघातानंतर दवाखान्यात आलेल्या सायकलस्वारांची तुलना केली आणि हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष काढला. हा आकडा पुढे जगभर फिरला. पण हेल्मेट घालणारा माणूस मुळातच जपून चालवणारा असू शकतो, त्याचे रस्ते वेगळे असू शकतात, अशा शंका निघाल्या. नंतरच्या अभ्यासांत इतका मोठा फायदा दिसेना. शेवटी २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या सायकलस्वारांच्या संघटनेने हरकत घेतल्यावर अमेरिकी सरकारी संस्थांनीच हा आकडा मागे घेतला.

म्हणून हेल्मेट कुचकामी ठरलं, असं मात्र नाही. ऑलिव्हिए आणि क्रेटन या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ४० अभ्यास आणि ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र केली. त्यात डोक्याच्या दुखापतीची शक्यता ५१ टक्क्यांनी आणि गंभीर दुखापतीची ६९ टक्क्यांनी कमी आढळली. नॉर्वेतल्या आणखी एका मोठ्या आढाव्यात हेच आकडे ४८ आणि ६० आले. म्हणजे पडल्यावर, डोकं आपटल्यावर, हेल्मेट असलेलं बरं. यावर वाद घालण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही.

मात्र ‘पडल्यावर’ हा शब्द नीट वाचावा. सायकल हेल्मेट म्हणजे आतून थर्माकोल आणि वरून प्लास्टिकचं पातळ कवच. युरोपच्या ईएन १०७८ मानकात हेल्मेटच्या आत धातूचं डोकं बसवून ते साधारण दीड मीटरवरून सपाट ऐरणीवर टाकतात. आदळताना वेग भरतो तासाला साडेएकोणीस किलोमीटर. अमेरिकेच्या सीपीएससी चाचणीत उंची दोन मीटर, वेग बावीसच्या आसपास. हे चित्र कशाचं? वाळूवरून घसरलेल्या, खड्ड्यात पुढचं चाक गेलेल्या, स्वतःच्या उंचीवरून खाली आलेल्या माणसाचं. मागून डंपर आला तर तो थर्माकोल काय करणार? छाती, पोट, मांडीचं हाड यांना तर हेल्मेटचा उपयोगच नाही. आपल्याकडचा सायकलवाला सगळ्यात जास्त घाबरतो तो नेमका डंपरला आणि बसला.

इथून दुसऱ्या बाजूचं बोलणं सुरू होतं, आणि ते आजोबांच्या टोपीपेक्षा बरंच वजनदार आहे.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. जगात पहिल्यांदा. डोक्याच्या दुखापती कमी झाल्या, पण मेलबर्नमध्ये रस्त्यावर मोजणी केली तेव्हा किशोरवयीन सायकलस्वारच चाळीस टक्क्यांहून जास्त घटलेले दिसले. मग दुखापती हेल्मेटने घटल्या की मुलांनी सायकली कोपऱ्यात टाकल्या म्हणून घटल्या? यावर तीस वर्षं झाली, दोन्हीकडचे संख्याशास्त्रज्ञ अजून भांडताहेत. मेक्सिको सिटीने २०१० मध्ये भाड्याच्या सायकलींची योजना आणताना हेल्मेटची सक्ती काढून टाकली. सिअ‍ॅटल ज्या किंग काउंटीत आहे, तिथला नियम २०२२ मध्ये रद्द झाला, कारण दंडाची पावती बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांच्याच हातात जास्त पडत होती.

ही सगळी उदाहरणं सक्तीची आहेत, सल्ल्याची नाहीत, हे दुसऱ्या बाजूचे लोक सोयीने विसरतात. तरी सल्लाही अगदी फुकट नसतो. ‘हेल्मेटशिवाय सायकल म्हणजे जिवाशी खेळ’ असं वारंवार ऐकलं की कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला सायकल काढणारी बाई गाडीची किल्ली उचलते. शिवाय सल्ल्याचं दोषात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. ट्रकने उडवलेल्या माणसाबद्दल पहिला प्रश्न ‘हेल्मेट होतं का?’ हा येतो, ट्रक किती वेगात होता हा नंतर. बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता ख्रिस बोर्डमन २०१४ मध्ये बीबीसीवर साध्या कपड्यांत, हेल्मेट न घालता सायकल चालवताना दिसला आणि त्याच्यावर टीकेचा पाऊस पडला. सायकल सुरक्षित करण्यासाठी जे करायला हवं त्याच्या पहिल्या दहांतही हेल्मेट येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. नेदरलँड्समध्ये रोज कामाला जाणारे बहुतेक लोक उघड्या डोक्यानेच जातात, आणि तरी तो देश सायकलसाठी जगातल्या सर्वांत सुरक्षित देशांत मोडतो. कारण तिथला रस्ता. पण ‘डच लोक घालत नाहीत, मग मी का घालू’ असं सोलापूर रोडवर म्हणायचं असेल, तर आधी तिथला रस्ताही आणावा लागेल.

इयन वॉकर यांचा प्रयोगही या वादात हमखास निघतो. तेव्हा इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात असलेल्या या मानसशास्त्रज्ञाने सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावलं आणि कधी हेल्मेट घालून, कधी न घालता, ओव्हरटेक करणाऱ्या अडीच हजारांच्या आसपास गाड्या मोजल्या. हेल्मेट असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून गेल्या. मग त्यांनी लांब केसांचा विग चढवला, तर गाडीवाल्यांनी चौदा सेंटिमीटर जास्त जागा सोडली! प्रयोगादरम्यान त्यांना एक बस आणि एक ट्रक खरोखर घासून गेले, दोन्ही वेळा डोक्यावर हेल्मेट होतं. किस्सा मजेशीर आहे, पण त्यावर निर्णय बेतू नये. २०१३ मध्ये त्याच माहितीची पुन्हा छाननी करणाऱ्यांना धोकादायक इतक्या जवळून जाण्याशी हेल्मेटचा संबंध आढळला नाही.

या दोन बाजूंपैकी एकच निवडा असं कुणी म्हटलं तर मी निवडणार नाही, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर माणसंच वेगळी आहेत. एकाला दिसतो पहाटे सिंहगड उतरणारा, दुसऱ्याला पेपर टाकणारा पोरगा.

वेगात चालवणाऱ्यांना, घाट उतरणाऱ्यांना, ग्रुपमध्ये चाकाला चाक लावून जाणाऱ्यांना आग्रहच करावा. पुढचा घसरला की मागचे चार जण पडतात, तेव्हा ही वैयक्तिक बाब राहत नाही. या मंडळींचा हट्ट तसा जुना आहे. १९९१ च्या पॅरिस-नीस शर्यतीत व्यावसायिक सायकलपटूंनी हेल्मेटसक्तीविरुद्ध चक्क संप केला होता. त्याच शर्यतीत २००३ साली कझाकस्तानचा आंद्रेय किव्हिलेव्ह पडून डोक्याच्या दुखापतीने गेला आणि त्याच वर्षी सक्ती आलीच.

सायकल शिकणाऱ्या मुलांनाही हेल्मेट द्यावं. ती पडणारच, वेग कमी असतो, आणि आपटणं जवळजवळ चाचणीतल्यासारखंच असतं. पावसाळ्यात शेवाळलेल्या किंवा ऑइल सांडलेल्या रस्त्यावर रोज जाणाऱ्यांना आणि साठी ओलांडून ई-सायकल घेणाऱ्यांना मी सांगेन, पण एकदाच.

एमआयडीसीतून रात्रपाळी करून सायकलने घरी निघालेल्या कामगाराला मात्र हेल्मेटचं प्रवचन देऊ नये. त्याच्या मडगार्डवरचा रिफ्लेक्टर कधीच फुटलेला असतो, मागे दिवा नसतो, ब्रेकचे रबर झिजलेले असतात. त्याला मागचा लाल दिवा द्यावा. त्याचा धोका मागून येतो.

घ्यायचं ठरलंच, तर मोटारसायकलचं जड हेल्मेट सायकलवर चढवू नका. पायडल मारताना डोक्याला वारा लागला पाहिजे, नाहीतर नागपूरच्या मे महिन्यात दुसऱ्याच दिवशी ते खुंटीला लागेल. आत ईएन १०७८ किंवा सीपीएससीचं लेबल असावं. भुवईच्या वर दोन बोटं जागा, दोन्ही पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे, हनुवटीखाली जेमतेम एक बोट जाईल इतका आवळ. मुलांची हेल्मेटं हटकून मागे सरकलेली दिसतात, कपाळ पूर्ण उघडं. तसं घालून निम्मा उपयोगही नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी बदलावं, आतला थर्माकोल एकदाच दबतो.

आणि खिशात हजार-दीड हजारच असतील, तर मोठ्या माणसाने आधी ब्रेक आणि दिवे करून घ्यावेत, हेल्मेट पुढच्या पगाराला. मुलाची सायकल असेल तर हेल्मेट सायकलबरोबरच घ्या. नंतर आणू म्हटलेलं राहूनच जातं.